पूरग्रस्ताचं मनोगत ज्याच्या घरात पाणी आलं होतं त्याला लिहू द्या : सांगली जिल्ह्यातल्या मराठीच्या सर-मॅडमना खुलं पत्र

माननीय सर, माननीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहिते. २६ वर्षं झाली. आधी रोजकीर्द आणि खतावणीच्या चोपड्या होत्या, आता कॉम्प्युटर आहे, काम तेच. शिक्षण बारावी कॉमर्स, पुढं लग्न झालं. साहित्याशी संबंध म्हणाल तर वाचनालयाची मेंबरशिप आणि दिवाळीत दोन-तीन अंक एवढाच होता. गेल्या पावसाळ्यापासून मात्र मी दर रविवारी सकाळी एका लेखनाच्या क्लासला जाते, तिथं आपल्या आठवणी कशा लिहायच्या आणि कविता कशी लिहायची हे शिकवतात, आणि तिथं जे शिकले त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्याशीच का, तर माझा भाचा नववीत आहे आणि त्याची मराठीची उत्तरपत्रिका आत्ता माझ्यासमोर आहे.

भाच्याचं घर नदीकडच्या भागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तो दुसरीत होता. (बाहेरगावच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, तिथं ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी.) त्यांच्या घरात पाणी छताला लागलं, घरातली सगळी एक रात्र आणि एक अख्खा दिवस स्लॅबवर बसून होती, मग बोट आली.

आता या पोराला पहिल्या चाचणीत विषय आला 'पूरग्रस्ताचे मनोगत'. त्यानं काय लिहिलं असेल? गाईडमधलं पाठ केलेलं लिहिलं. आभाळ फाटले होते, निसर्गाने रौद्र रूप धारण केले होते, होत्याचे नव्हते झाले, माणुसकीचे दर्शन घडले, वगैरे. ८ पैकी ७ मार्क. मी ते वाचलं आणि त्याला म्हणलं अरे, तू होतास की तिथं, तुला काय आठवतंय? तो आधी काही बोलेना, मग म्हणाला, आत्या, फ्रीज वाजत होता.

म्हणजे काय, तर रात्री ही सगळी वर स्लॅबवर, अंगावर ताडपत्री, लाईट नाही, आणि खाली घरात फ्रीज पाण्यावर तरंगत होता आणि छताला आतनं धडकत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक, थोडं लांब, स्वयंपाकघराकडं. माझा भाऊ अंधारात म्हणायचा फ्रीज असेल, वहिनी म्हणायची नाही, हे पिठाचा डबा आहे, आवाज पोकळ आहे. दोघं तसं रात्रभर एकेक वस्तू ओळखत बसली होती. पोरगं त्यांच्या मधे झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होतं. हे त्यानं सहा-सात वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या चाचणीत 'मी अनुभवलेला पाऊस' असा विषय आला आणि या वेळी त्यानं फ्रीज लिहिला. मला न विचारता, स्वतःच्या मनानं. त्याला ३ मार्क पडले. खाली लाल पेननं लिहिलंय : मुद्दे नाहीत, काव्यपंक्ती नाहीत, प्रमाणभाषा वापरावी. 'आतनं' या शब्दाखाली दोन रेघा.

ज्या मॅडमनी तपासलं त्यांचं किंवा शाळेचं नाव मी लिहिणार नाही आणि त्यांच्यावर माझा राग पण नाही. एका वर्गात साठ पोरं, तीन तुकड्या, वर निवडणुकीची कामं, सर्व्हेची कामं, घरी गठ्ठा घेऊन बसल्यावर प्रत्येक पेपरला किती मिनिटं मिळत असतील हे मला कळतं. मुद्दे असले की मार्क द्यायला सोपं जातं हेही कळतं. पण त्या पोरानं त्या दिवशी काय शिकलं ते बघा. आपल्याला जे आठवतं ते मराठीच्या पेपरात चालत नाही, एवढंच तो शिकला.

मी हे इतक्या खात्रीनं सांगते कारण मी पण तेच शिकले होते, आणि ते अंगातनं जायला मला पन्नाशी गाठावी लागली.

क्लासमधे आम्ही १४ जण. एक रिटायर्ड कंडक्टर आहेत, एक नर्सताई आहेत, स्पर्धा परीक्षा देणारी दोन पोरं, एक सराफी दुकानात काम करणारे काका, आणि सांगलवाडीच्या एक आजी ज्या सत्तरीच्या पुढं आहेत आणि ज्यांची नात त्यांना स्कूटीवर सोडून जाते. शिकवणाऱ्या मॅडम पूर्वी कॉलेजला होत्या. पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलं, आईवर नाहीतर वडिलांवर अर्धं पान लिहा, वीस मिनिटं. मी भराभर लिहिलं, मला वाटलं हे तर येतं आपल्याला. माझे बाबा अतिशय कष्टाळू होते, परिस्थिती बेताची असूनही त्यांनी आम्हाला काही कमी पडू दिले नाही, त्यांचा स्वभाव वरून कडक पण आतून मायाळू होता. मॅडमनी सगळ्यांचे कागद घेतले, नावं न सांगता त्यातल्या पाच-सहा जणांच्या पहिल्या चार ओळी वाचल्या, आणि विचारलं यातलं कुणाचं कुठलं ते ओळखा. कुणालाच ओळखता येईना. मला माझा स्वतःचा कागद तिसऱ्या ओळीला ओळखू आला. सगळ्यांचे वडील कष्टाळू, सगळ्यांचे वरून कडक आतून मायाळू, आम्ही सगळ्यांनी मिळून एकच माणूस लिहिला होता आणि तो आमच्यापैकी कुणाचाच बाप नव्हता.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या कागदावरच्या 'कष्टाळू' शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, म्हणजे काय करायचे?

मी म्हणलं पेवात उतरायचे.

वर्गातल्या निम्म्या लोकांना पेव म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, आणि हे सांगलीत. म्हणून इथं पण सांगते. हरिपूर, जिथं कृष्णा आणि वारणेचा संगम आहे, तिथल्या जमिनीत हळद साठवायची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड एक माणूस जेमतेम जाईल एवढं आणि आत पोट रांजणासारखं मोठं. हळद भरायची, तोंड बुजवायचं, वरनं मातीनं लिंपून टाकायचं. बाहेरची ताजी हवा आत जात नाही म्हणून किडीला जगता येत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. भाव आला की पेव उघडायचं, पण उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतल्या हवेत माणसाचा जीव जातो. तोंड उघडं ठेवून थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. नाही विझला तर माणूस उतरायचा, आणि तो उतरणारा माणूस म्हणजे माझे बाबा.

हे मी तोंडानं सांगितलं तेव्हा वर्ग शांत झाला होता. मॅडम एवढंच म्हणाल्या, हे का नाही लिहिलंत? माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं की मला हे लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं. लिहायचं म्हणजे 'परिस्थिती बेताची असूनही' लिहायचं असतं असं माझ्या हाताला लहानपणापासून माहीत होतं.

मग मी लिहायला लागले. बाबांच्या कानाच्या घडीत हळद बसलेली असायची, पापण्यांवर असायची, नखांत तर कायमचीच. त्यांच्या आंघोळीचं पाणी मोरीतनं पिवळं वाहायचं. त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी कधीतरी एकत्र व्हायचे आणि आमचे शाळेचे पांढरे शर्ट पिवळे पडायचे. चौथीत असताना माझी कॉलर पिवळी बघून बाईंनी विचारलं, घरात लग्न आहे का गं? त्यांनी सहज विचारलं असेल, पण सगळा वर्ग हसला. हे मी चाळीस वर्षांत कधी आठवलं नव्हतं, आणि कागदावर 'कॉलर' हा शब्द लिहिला आणि त्याच्यामागनं तो वर्ग, ते हसणं, बाईंच्या साडीचा रंग सगळं आलं.

त्याच पानावर खाली मी एक वाक्य लिहिलं होतं : बाबा कामावरनं ओल्या केसांनी घरी यायचे. मॅडमनी 'यायचे'ला गोल केला. म्हणाल्या, पहिल्यांदा कधी आले?

आता ही गोष्ट मराठीच्या सर-मॅडमना मी सांगावी असं नाही, पण मला ती तेव्हा पहिल्यांदा कळली. आपल्या भाषेत 'यायचे, जायचे, असायचे, म्हणायचे' असं लिहिलं की सगळे दिवस एकसारखे होतात, हजार दिवसांचा मिळून एक दिवस होतो. आठवणी लिहिताना पन्नास टक्के लोक असंच लिहितात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'चे-चे-चे'. मॅडम म्हणतात तसं लिहायला हरकत नाही, पण कुठंतरी थांबून 'त्या दिवशी आले' असं लिहायला पाहिजे, कारण जे घडतं ते एकाच दिवशी घडतं.

मला तो दिवस माहीत नव्हता. मी घरी जाऊन आईला विचारलं, बाबा ओले केस घेऊन का यायचे गं? आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, तू शाळेतनं रडत आलीस ना कॉलरवरनं, त्या दिवसापासनं. नदीवर अंग धुऊन यायला लागले. थंडीत पण.

मी त्या रात्री जेवले नाही.

चाळीस वर्षं ते वाक्य माझ्याजवळ होतं, ओले केस होते, दारात काढलेल्या चपला होत्या, सगळं होतं, आणि त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. मॅडमनी 'कधी?' विचारलं नसतं तर आईनं ते आपणहून सांगितलं नसतं, आणि आई पण आता ऐंशीला आलीय. 'लिहून काय मिळतं' असं मला पेढीवर विचारतात, तर मला हे मिळालं.

पुढं अजून एक झालं. मी ते लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला नदीवर नाही, वखारीच्या हौदावर अंग धुवायचे, मी स्वतः साबण नेऊन दिलाय. आई म्हणते नदी, भाऊ म्हणतो हौद. मी मॅडमना म्हणलं आता काय खरं धरू? त्या म्हणाल्या दोन्ही लिहा, आई असं म्हणते आणि भाऊ असं म्हणतो, आणि तुम्हाला काय दिसतं तेही लिहा, फक्त माहीत नसलेलं माहीत असल्यासारखं लिहू नका. हिशेब लिहिणाऱ्या बाईला ही गोष्ट लगेच पटते. मेळ बसत नसेल तर फरक दाखवायचा असतो, खोटी एंट्री टाकून मेळ बसवायचा नसतो.

जिवंत माणसांबद्दल लिहिण्यावर क्लासमधे एक अख्खा रविवार गेला. नर्सताईंनी जावेबद्दल लिहिलं होतं आणि त्या जावेच्या घरी अजून जातात येतात. त्यावर सगळे बोलले, वाद झाले, उत्तर एकच असं निघालं नाही. मी माझ्यापुरतं ठरवलं की आईला आधी वाचून दाखवायचं. तिनं एका उसनवारीच्या प्रसंगातलं एका बाईचं नाव काढायला लावलं, बाकी सगळं ठेव म्हणाली.

कवितेचं मला जास्त भ्या होतं. शाळेत कविता म्हणजे रसग्रहण, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन मुद्दे, आणि गण पाडणे. कविता करायला आम्हाला दहा वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही. व्हॉट्सअॅपवर येतात तशा चार ओळी मी पण कधीतरी केल्या होत्या, त्यामुळं पहिल्या वेळी मी घेऊन गेले ती अशी होती :

बाप माझा कष्टाचा डोंगर
संसाराचा तोच नांगर

मॅडम म्हणाल्या, वडील शेती करायचे? मी म्हणलं नाही, आम्हाला शेतीच नव्हती. मग नांगर कुठनं आला? डोंगरला जुळतो म्हणून आला. माझ्या बाबांनी आयुष्यात नांगराला हात लावला नव्हता आणि मी यमकापायी त्यांच्या हातात तो दिला. यमक वाईट नाही असं मॅडम दर वेळी सांगतात, पण यमक येताना आपल्याबरोबर काय काय घेऊन येतं ते बघून घ्यायचं.

मग त्यांनी आम्हाला कान दिला असं मी म्हणेन. सगळ्यांना मनाचे श्लोक लहानपणापासून पाठ आहेत, सज्जनगड काही लांब नाही, कितीतरी घरांत संध्याकाळी म्हणत होते. मॅडमनी ते म्हणायला लावले आणि टेबलावर बोटानं ठेका धरायला लावला. लगागा लगागा लगागा लगागा. बारा अक्षरं, 'य' गण चार वेळा, भुजंगप्रयात. आम्ही हे वृत्त पन्नास-पन्नास वर्षं तोंडानं म्हणत होतो आणि ते वृत्त आहे हे एकाला माहीत नव्हतं, शाळेत भुजंगप्रयात फळ्यावर होता आणि मनाचे श्लोक घरी होते, दोन्ही एकत्र कुणी आणलंच नाही. तसंच अभंगाचं, सहा सहा सहा चार. मला मोजायची सवय आहे त्यामुळं मला हे फार आवडलं, मी घरी कणीक मळताना पण मोजत होते.

आणि मग सांगलवाडीच्या आजी. त्या लिहीत नाहीत, त्यांची नात लिहून घेते. जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येतात याचा त्यांना पण पत्ता नाही, एक सुरू केली की पुढची आपोआप येते. महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून लोकांनी अशा लाखावर ओव्या उतरवून घेतल्यात असं मॅडमनी सांगितलं तेव्हा आजी म्हणाल्या, आमच्याकडं कोण आलं न्हाई. मॅडम म्हणाल्या जुनी नको, तुमची स्वतःची सांगा आजी, पुराची सांगा. आजी दोन रविवार गप्प होत्या. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या :

पाणी आलं उंबऱ्याशी, जातं राहिलं एकलं
पाणी गेलं ओसरून, तोंड गाळानं भरलं

आम्ही मोजलं. आठ, आठ, आठ, आठ. आजींनी आयुष्यात अक्षर मोजलेलं नाही. ज्या तोंडात त्या मूठमूठ जोंधळा घालत आल्या त्या तोंडात गाळ, यापेक्षा पुराबद्दल वेगळं काय सांगायचं? गाईडमधे पुराची दोन पानं आहेत, त्या दोन पानांत एक पण भांडं नाही, एक पण जातं नाही.

माझी कंदिलाची कविता मी सहा वेळा लिहिली. पहिल्यांदा वीस ओळी होत्या आणि शेवटी 'बापाच्या कष्टाला सलाम' होता. मॅडमनी काहीच खोडलं नाही, फक्त मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि म्हणाल्या जिथं तुमचा आवाज खोटा वाटेल तिथं थांबा. मी सलामपाशी थांबले. मग खालून वर खोडत आले. आता एवढी उरलीय :

कंदील खाली सोडला
वीतभर, हातभर, दोन पुरुष खोल
ज्योत हलली, विझली नाही
म्हणून बाबा उतरले
म्हणून आमच्याकडं त्या दिवशी भाकरी

ही फार मोठी कविता आहे असं माझं म्हणणं नाही. पण यातला एकही शब्द मी कुठनं उचललेला नाही, आणि यातला बाप कागद न बघता पण माझा म्हणून ओळखू येईल.

आता दुसरी गोष्ट, ज्यामुळं हे पत्र लिहायचं पक्कं झालं. आमच्या बॅचच्या शेवटी एक छोटा कार्यक्रम झाला, प्रत्येकानं आपलं एकेक पान वाचलं, पाहुणे म्हणून एक ज्येष्ठ सर होते, पस्तीस वर्षं मराठी शिकवलेले. नाव सांगत नाही, आदर आहे. ते भाषणात म्हणाले की हल्ली लिहिणाऱ्यांचं पेव फुटलंय, लेखक हा जन्मावा लागतो, क्लास लावून कुणी लेखक होत नाही. टाळ्या पण पडल्या. मी काही बोलले नाही, मला भर सभेत बोलता येत नाही. म्हणून इथं बोलते.

सर, पेव फुटणं मी बघितलेलं आहे. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, जमीन आत खचली, लोकांची वर्षानुवर्षं राखलेली हळद गेली, आणि त्यानंतर पेवांचा धंदा बसला तो बसलाच, आता बहुतेक माल गोदामात आणि कोल्ड स्टोअरेजला असतो. पेव फुटलं म्हणजे फुकटचं काहीतरी भारंभार बाहेर आलं असं आपण बोलताना म्हणतो, पण जे बाहेर आलं ते कुणीतरी पाठीवर वाहून आत ठेवलेलं होतं. आमच्या क्लासमधे जे बाहेर येतंय ते पण तसंच आहे, चाळीस चाळीस वर्षं आत बंद होतं, कुणी झाकण काढलं नव्हतं.

आणि क्लासचं म्हणाल तर, फलटणच्या बेबी कांबळे यांनी कुठला क्लास लावला नव्हता हे मला माहीत आहे. किराणा दुकानात बसून त्यांनी आपलं आणि आपल्या समाजाचं जिणं लिहिलं आणि घरच्यांच्या भीतीनं वीस वर्षं लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' हे त्यांचं पुस्तक आलं ते १९८६ ला. मी त्याच्याकडं असं बघते की त्यांचे कागद टिकले, पण ज्यांच्या कागदात साखर बांधून गेली अशा किती बायका असतील आपल्या जिल्ह्यांत? दुसरं नाव आपल्याच जिल्ह्यातलं, देवराष्ट्र्याच्या रमाबाई रानडे. अकराव्या वर्षी लग्न होऊन गेल्या तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, नवऱ्यानं शिकवलं, घरातल्या बायकांनी त्यावरनं त्यांचा छळ मांडला, तरी शिकल्या, आणि १९१० ला त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. त्यांना कुणीतरी शिकवलंच होतं की. शिकवल्यामुळं त्यांच्या आठवणी खोट्या झाल्या नाहीत. गाणं शिकतात, तबला शिकतात, मिरजेत सतारीचा भोपळा कसा कोरायचा ते पोरगा बापाकडनं शिकतो, त्याला कुणी म्हणत नाही की जन्मावा लागतो. मग आपली आठवण नीट कशी सांगायची हे शिकलं तर काय बिघडलं? आम्ही १४ जणांतलं कुणी लेखक होणार नाही कदाचित, पण मला माझे बाबा कळाले.

म्हणून तुमच्याकडं मागणं आहे. फार मोठं नाही, सिलॅबस बदला वगैरे मी म्हणत नाही, ते तुमच्या हातात नाही. पण तुमच्या वर्गात तुमचा शब्द चालतो. आत्मकथन हा प्रकार तुम्ही शिकवताच. फाटक्या पुस्तकाचं आत्मकथन, शाळेच्या घंटेचं, वडाच्या झाडाचं, खुर्चीचं. पोरं खुर्चीच्या मनातलं लिहितात आणि स्वतःचं लिहायची वेळ शाळा संपेपर्यंत येत नाही. तर एका सत्रात एकदा, परीक्षेसाठी नाही, मार्कासाठी नाही, त्यांचं स्वतःचं लिहून घ्या. अर्धं पान पुरे. विषय मोठा देऊ नका, 'माझे बालपण' दिलंत की परत गाईडच येणार, त्यापेक्षा 'आमच्या घरातला एक आवाज' द्या, 'बंद पडलेली वस्तू' द्या, 'कुणीतरी घरी उशिरा आलं' द्या. आणि लिहून झालं की वर्गात एकच प्रश्न विचारा, मग काय झालं, नाहीतर तुला काय दिसलं. सुविचार मागू नका.

घरातल्या माणसाच्या तोंडचं बोलणं घरातल्यासारखं आलं तर त्याला रेघ मारू नका एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. 'आतनं' ऐवजी 'आतून' लिहायला तो शिकेल, ते शिकवाच, अर्जात, बातमीत प्रमाणभाषा पाहिजेच. पण फ्रीज आतनं वाजत होता. त्याच्या आईनं रात्री अंधारात जे म्हणलं ते तिनं 'आतून' म्हणलं नव्हतं. अण्णाभाऊ साठे आपल्याच वाटेगावचे, जेमतेम दीड दिवस शाळेत गेले, आणि त्यांची माणसं त्यांच्या गावचंच बोलतात, आज त्यांचे धडे आपण शिकवतो.

कवितेचं पण तसंच. रसग्रहण घ्या, पण त्याआधी एक तास पोरांना टेबल वाजवू द्या. घरी आजीला येतात त्या ओव्या विचारून यायला सांगा, दोन तरी. ज्या घरात आजी आहे त्या घरात हे काम एका संध्याकाळचं आहे, आणि आज्या थांबत नाहीत हो कुणासाठी.

आणि शेवटचं, रागवू नका, तुम्ही पण लिहा. पोरांबरोबर, त्याच वीस मिनिटांत, त्याच विषयावर, आणि वाचून दाखवा. आमच्या मॅडम दर रविवारी आमच्याबरोबर लिहितात, त्यांनी एकदा त्यांच्या पहिल्या नोकरीच्या गावातल्या एसटी स्टँडचं लिहिलेलं वाचताना त्यांचा आवाज अडकला, त्यानंतर आमच्यातलं कुणी लपवाछपवी केली नाही.

भाच्याला विचारून त्याच्या पेपरातल्या चार ओळी खाली देते, जशा आहेत तशा. ज्यांना वेळ असेल त्यांनी तपासाव्यात.

"रात्री फ्रीज आतनं वर धडकत होता. पप्पा म्हणाले फ्रीज. मम्मी म्हणाली पिठाचा डबा. मग बराच वेळ कायच वाजलं नाही, तेव्हा मम्मी रडली."

आपली,
हरिपूरच्या पेवात उतरणाऱ्या बापाची मुलगी,
सांगली